‘सहा महिन्यांनी परत या’

एचआयव्हीची तपासणी करून घेतलेल्या माणसाच्या हातात अहवाल पडतो आणि तो ‘पॉझिटिव्ह’ असतो. पहिला धक्का ओसरला, की तो एकच प्रश्न विचारतो : औषध कधी सुरू करायचे? आज या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. होईल तितक्या लवकर, आठवड्याच्या आत. आणि त्याची स्वतःची तयारी असेल, दुसरा काही गंभीर आजार नसेल, तर आजच. पण या शतकाची पहिली दहा-बारा वर्षे जगातल्या लक्षावधी माणसांना याच प्रश्नाचे दुसरेच उत्तर मिळत होते. ‘अजून तुमची वेळ आलेली नाही. सहा महिन्यांनी परत या.’

त्यातले पुष्कळ जण परत आलेच नाहीत. काही जण परत आले ते स्ट्रेचरवरून.

तपासणी आणि पहिली गोळी यांच्यामधल्या या अंतराची हकीकत आज सांगायची आहे. हे अंतर कमी झाले ते बऱ्याच अंशी हैती, मलावी, दक्षिण आफ्रिका अशा देशांतल्या गर्दीने भरलेल्या साध्या दवाखान्यांमुळे. त्यात मुंबईचा आणि पुण्याचाही वाटा आहे.

‘परत या’ म्हणणारे डॉक्टर निर्दय होते, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्याकडे कारणे होती. १९८१ च्या जून महिन्यात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या चमत्कारिक न्यूमोनियाची नोंद झाली, तिथून या रोगाचा लिखित इतिहास सुरू होतो. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विषाणू सापडला. आपल्याकडे १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले बाधित रक्तनमुने शोधून काढले. पहिले औषध १९८७ मध्ये आले. पण एकट्यादुकट्या औषधाला हा विषाणू लवकरच सरावतो आणि दाद देईनासा होतो. १९९६ मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीचे निकाल जाहीर झाले आणि अंथरुणाला खिळलेली माणसे उठून कामावर जाऊ लागली. डॉ. डेव्हिड हो यांनी त्याच्या आदल्याच वर्षी आग्रहाने मांडले होते, की या विषाणूवर लवकर आणि जोरदार घाव घालायला हवा.

म्हणजे ‘लवकर सुरू करा’ हा विचार तेव्हाही होता. तो मागे पडला औषधांमुळेच. दिवसाला मूठभर गोळ्या, काही उपाशीपोटी, काही जेवणानंतर. शिवाय त्या काळच्या काही औषधांनी तळपायांची आग होई, गाल आत जात, हातापायांवरची चरबी झडून जाई. रोग लपवू पाहणाऱ्या माणसाचा चेहराच रोगाची जाहिरात करू लागे. आणि एकदा सुरू केलेले औषध जन्मभर घ्यायचे. मग ज्याला अजून काहीच त्रास नाही, त्याच्यामागे हे कशाला लावायचे? अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही २००१ मध्ये आपला सल्ला सौम्य केला.

वाट किती पाहायची, हे ठरे एका आकड्यावर. आपल्या रक्तात सीडी-फोर नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. शरीराच्या संरक्षणाची बरीचशी सूत्रे त्यांच्याकडे असतात आणि एचआयव्ही नेमका त्यांनाच गाठतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. गरीब देशांसाठी नियम झाला तो असा, की हा आकडा २०० च्या खाली आला, म्हणजेच माणूस गंभीर आजाराच्या उंबरठ्यावर आला, की औषध द्यायचे. घराला आग लागल्याचे कळले आहे, पण ज्वाळा माळ्यावर पोचल्याशिवाय बंब बोलवायचा नाही, अशातलाच हा प्रकार. पण बंबच मोजके असतील तर दुसरे काय करणार, असाही युक्तिवाद होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. तीन औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च तेव्हा दहा ते पंधरा हजार डॉलर होता.

इथे मुंबई या कथेत येते. १९७० च्या पेटंट कायद्याने भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या कृतीवर मिळे. वेगळ्या कृतीने तेच औषध बनवायला आपल्या कंपन्या मोकळ्या होत्या. ही मोकळीक २००५ च्या सुरुवातीला संपली. तिचा फायदा घेऊन मुंबईच्या ‘सिप्ला’ने तीन औषधे एकाच गोळीत बसवली. २००१ च्या फेब्रुवारीत कंपनीचे प्रमुख डॉ. युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला हा उपचार रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला. दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी! सकाळी एक गोळी, रात्री एक गोळी.

किमतीची सबब गेली, तेव्हा दुसरी पुढे आली. अमेरिकेच्या परदेशी मदत विभागाचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी २००१ मध्ये असे मत मांडले, की आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांना घड्याळाची वेळ ठाऊक नसते, त्यामुळे ते गोळ्या वेळेवर घेणार नाहीत. आपल्याकडे घरोघरी आजी-आजोबा रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाबरोबर आणि साखरेची जेवणाआधी न चुकता घेतात. त्यासाठी मनगटावर घड्याळ असावे लागत नाही. पाच वर्षांनी, २००६ मध्ये, अनेक अभ्यास एकत्र करून तुलना झाली. गोळ्या नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के भरले, आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के.

नॅट्सिओस यांच्यावर टीकेची झोड उठली. पण त्यांच्या बोलण्यामागची शंका दवाखान्यांच्या कामकाजात निराळ्या, सभ्य रूपात शिल्लक राहिली असे मला वाटते. गरीब माणूस औषधाला ‘तयार’ आहे की नाही, हे आधी तपासायचे, मग औषध द्यायचे. ही पारख कशी होई ते पाहू. पहिल्या खेपेला तपासणी. मग सीडी-फोरसाठी रक्त द्यायचे. ते यंत्र असे दूरच्या मोठ्या रुग्णालयात. आठवड्या-दोन आठवड्यांनी आकडा घ्यायला यायचे. तो कमी असेल तर समुपदेशनाच्या दोन-तीन बैठका, घरच्या कोणालातरी बरोबर आणायचे, मग गोळ्या. जास्त असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा हीच प्रदक्षिणा. प्रत्येक खेपेला गाडीभाडे, कामाचा खाडा, आणि त्या खोलीबाहेरच्या रांगेत कोणी ओळखीचे भेटेल ही धास्ती.

सिडनी रोझेन आणि मॅथ्यू फॉक्स या दोन संशोधकांनी २०११ मध्ये सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतले असे बरेच अभ्यास पडताळले. तपासणीत बाधित आढळलेल्यांपैकी सीडी-फोरचा आकडा हातात पडेपर्यंत टिकलेले लोक सरासरीने शेकड्याला ५९ होते. ज्यांना ‘अजून वेळ आहे’ असे सांगितले, त्यांतले औषधाची पात्रता येईपर्यंत दवाखान्याशी संबंध राखून असलेले फक्त ४६. हे लोक रोगाचे निदान होऊन, नाव नोंदवून, मग हरवले होते.

आता हैतीकडे वळू, कारण ही वाट पाहण्याची किंमत काय, याचा नेमका हिशेब तिथे झाला. कॅरिबियन समुद्रातल्या या लहान, गरीब देशाला या रोगाने दोनदा मारले. एकदा विषाणूने आणि एकदा बदनामीने. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत या रोगाचा धोका असलेल्या गटांची यादी झाली, तिच्यात समलिंगी पुरुष, हिमोफिलियाचे रुग्ण आणि हेरॉइन टोचून घेणारे यांच्या जोडीला ‘हैतीचे लोक’ असा गट होता. एक अख्खे राष्ट्र रोगाच्या यादीत! १९८५ मध्ये ते नाव वगळले गेले, पण तोवर लोकांच्या नोकऱ्या आणि देशाचे पर्यटन बुडाले होते.

त्याच देशाच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये, १९८२ साली डॉ. ज्याँ विल्यम पाप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गेस्किओ’ नावाचे केंद्र सुरू केले. विषाणू सापडण्याच्या आधीचे वर्ष ते. त्यामुळे केंद्राच्या लांबलचक फ्रेंच नावात विषाणूचा उल्लेखच नाही. आहे तो कापोसी सार्कोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगाचा आणि दुबळ्या शरीराला गाठणाऱ्या इतर संसर्गांचा. शहरातल्या झोपडवस्त्यांना लागून असलेल्या या दवाखान्यात एचआयव्हीबरोबर क्षय, जुलाब, बाळंतपणे असे सगळेच पाहिले जाई. २००३ मध्ये तिथे तीन औषधांचा उपचार मोफत सुरू झाला. पहिल्या हजारभर रुग्णांचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्षअखेरीस ८७ टक्के प्रौढ रुग्ण जिवंत होते. औषधे नव्हती तेव्हा एड्सच्या अवस्थेला पोचलेल्या रुग्णांपैकी वर्षभर जगणारे तिथे जेमतेम ३० टक्के असत.

मग या डॉक्टरांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. २०० पर्यंत थांबायचे ते का? २००५ पासून त्यांनी ८१६ जणांना एका चाचणीत घेतले. या सर्वांचा सीडी-फोर आकडा २०० ते ३५० च्या दरम्यान होता, म्हणजे नियमाप्रमाणे कोणालाच औषध मिळाले नसते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच औषध. दुसऱ्याला नियमाप्रमाणे, २०० च्या खाली आल्यावर. दुसऱ्या गटाला वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांची तपासणी होत होती, लागतील ती इतर औषधे मिळत होती, डॉक्टर लक्ष ठेवून होते. नियमाने सांगितलेली वाट पाहणे जितके चांगले करता येईल, तितके चांगले ते केले होते.

२००९ मध्ये देखरेख समितीने आकडे पाहिले आणि चाचणी मुदतीआधी थांबवायला लावली. लगेच औषध मिळालेल्यांपैकी ६ जण दगावले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी २३. क्षयरोग पहिल्या गटात १८ जणांना झाला होता, दुसऱ्यात ३६ जणांना. वाट पाहणाऱ्या सर्वांना तेव्हा औषध देऊ करण्यात आले.

ही चाचणी करावी का, असा प्रश्न आज पडतो. त्या २३ जणांच्या घरच्यांना तर पडलाच असेल. पण तेव्हा हैतीत आणि इतरत्र लाखो माणसे त्याच नियमाने वाट पाहत होती आणि त्यांतल्या मृत्यूंची अशी मोजदाद कोणी ठेवत नव्हते. २००९ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने मर्यादा ३५० वर नेली.

पुढची पायरी थोडी वेगळ्या दिशेने आली, आणि तिच्यात पुणे आहे. जोडप्यातल्या एकाला एचआयव्ही आहे, दुसऱ्याला नाही, अशी १७६३ जोडपी नऊ देशांतून निवडली गेली. भारतातली जोडपी चेन्नईतून आणि पुण्यातून होती. पुण्याचे काम भोसरीतल्या, तेव्हा राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे होते. प्रश्न असा, की बाधित जोडीदाराला लवकर औषध दिले तर दुसरा वाचतो का? २०११ मध्ये निकाल आला. जोडीदाराकडूनच झालेल्या २८ संसर्गांपैकी २७ उशिरा औषध देण्याच्या गटात होते, लवकरच्या गटात एक. गोळी घेणाऱ्याबरोबर घरातले दुसरे माणूसही सुरक्षित होते. इतकी वर्षे एचआयव्हीच्या प्रचारात उपचार आणि प्रतिबंध असे दोन वेगळे विभाग होते, त्यांच्यामधली भिंत या आकड्याने पाडली. २०१५ मध्ये ३५ देशांतल्या ४६८५ जणांवरच्या चाचणीने उरलीसुरली शंका फेडली. सीडी-फोर ५०० च्या वर असतानाही लगेच औषध घेणाऱ्यांचे गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहूनही कमी झाले. त्या सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने आकड्याची अटच काढून टाकली. भारताने हे धोरण २८ एप्रिल २०१७ रोजी स्वीकारले. १ एप्रिल २००४ रोजी मुंबईच्या जे. जे.सह अवघ्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे सुरू झाली तेव्हा आपलाही नियम २०० चाच होता, हे लक्षात ठेवायला हवे.

मलावीने मात्र या सगळ्या चाचण्यांची वाट पाहिली नव्हती. तिथली अडचण साधी होती : सीडी-फोरची यंत्रे बहुतेक दवाखान्यांत नव्हतीच. आकडा कळणारच नाही, तर आकड्यावरून ठरवायचे कसे? २०११ मध्ये त्या देशाने सरळ ठरवले, की गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री बाधित आढळली, की आकडा न पाहता तिला औषध सुरू करायचे आणि ते जन्मभर द्यायचे. सव्वा वर्षात अशा स्त्रियांची तिमाही संख्या १२५७ वरून १०,६६३ वर गेली. यंत्र नसणे हीच इथे सोय झाली.

पण याच मलावीतून एक इशाराही आला. केवळ गरोदर आहे म्हणून औषध सुरू केलेल्या स्त्रिया पहिल्या खेपेनंतर पुन्हा न येण्याचे प्रमाण, स्वतःच्या आजारासाठी औषध घेणाऱ्या स्त्रियांच्या पाचपट होते. याचे नवल वाटायला नको. पोटात बाळ आहे, अंगात काही दुखत नाही, सकाळी नुसती तपासणीला म्हणून आलेली बाई संध्याकाळी जन्मभराच्या गोळ्यांची बाटली पदराआड घेऊन घरी जाते. नवऱ्याला काय सांगायचे, सासूपासून बाटली कुठे ठेवायची, हे तिला कोणी विचारलेले नसते.

म्हणून ‘त्याच दिवशी’ या कल्पनेची नीट पारख होणे जरूर होते. २०१० च्या विध्वंसक भूकंपातही ज्यांनी आपल्या आवारात हजारो बेघरांना आसरा दिला आणि रुग्णांची औषधे चालू ठेवली, त्याच ‘गेस्किओ’ने ती केली. २०१३ ते २०१५ या काळात एका गटाला समुपदेशन करून निदानाच्या दिवशीच औषध दिले; दुसऱ्याला तीन आठवडे बैठकांना बोलावून मग दिले. वर्षअखेरीस उपचारात टिकलेले पहिल्या गटात ८० टक्के, दुसऱ्यात ७२. मृत्यू पहिल्यात १०, दुसऱ्यात २०. तीन आठवड्यांच्या ‘तयारी’ने माणसे अधिक तयार झाली नव्हती, थोडी गळाली मात्र होती. जोहान्सबर्गच्या दोन सरकारी दवाखान्यांत अशीच तुलना झाली, तेव्हा एकाच खेपेत सगळे उरकण्याची सोय असलेल्यांपैकी ९७ टक्क्यांनी तीन महिन्यांत औषध सुरू केले, नेहमीच्या पद्धतीत ७२ टक्क्यांनी. दक्षिण आफ्रिकेत हे शक्य झाले त्याचे एक कारण असे, की २०१० पासून तिथे साध्या दवाखान्यातल्या परिचारिकांनाही हे औषध सुरू करण्याची मुभा मिळाली होती. डॉक्टरची वाट पाहणे हेही एक वाट पाहणेच असते.

हैतीच्या याच चाचणीतला आणखी एक आकडा सहसा कोणी मिरवत नाही. वर्षअखेरीस उपचारात टिकलेले आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका दबलेले, असे लोक त्याच दिवशी औषध घेतलेल्यांतही ५३ टक्केच होते. दुसऱ्या गटात ४४. म्हणजे सुधारणा झाली, पण जवळजवळ निम्मे लोक तरीही त्या टप्प्याला पोचले नाहीत. पहिली गोळी लवकर देणे हे एका दिवसाचे काम आहे. तीनशे पासष्टावी गोळी त्याच माणसाच्या हातात असणे ही वेगळी गोष्ट आहे.

जुलै २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सात दिवसांच्या आत, आणि तयारी असेल तर त्याच दिवशी, असा सल्ला दिला. त्याला एक महत्त्वाची सवलत जोडलेली आहे. क्षयाचा किंवा बुरशीचा मेंदूज्वर असेल तर थांबावेच लागते, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर मेंदूची सूज वाढून रुग्ण दगावू शकतो. घाई करण्याआधी डोके दुखते का, मान ताठते का, हे विचारणारा कोणीतरी हवा. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही २०२१ पासून सात दिवसांचा, शक्य असल्यास त्याच दिवसाचा, नियम आहे. औषधेही आता बदलली आहेत. डोल्युटेग्राविरवर आधारलेली एकच गोळी, दिवसातून एकदा, जुन्या गोळ्यांपेक्षा कितीतरी सोसवणारी. ‘सांभाळून, उशिरा’ या सल्ल्याचे सर्वांत सबळ कारण होते ते विषारी औषध, आणि ते आता उरलेले नाही.

आपल्याकडे प्रश्न उरतो तो रस्त्याचा. तपासणी तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयात होते, औषध सुरू होते ते एआरटी केंद्रात, आणि ते अनेकदा दुसऱ्या गावी असते. मध्ये एक चिठ्ठी आणि एक एस. टी.चा प्रवास. त्या प्रवासात माणूस एकटा असतो.

आफ्रिकेत आणि हैतीत ही मधली जागा भरून काढणारी माणसे पुष्कळदा परदेशी मदतीवर नेमलेली होती. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत रोखली. जीवरक्षक उपचारांना काही दिवसांत सवलत मिळाली, पण तोवर अनेक दवाखान्यांतली कामे थांबली होती आणि दक्षिण आफ्रिकेत काही दवाखान्यांना कुलूप लागले. तो देश बहुतेक औषधे स्वतःच्या पैशाने घेतो, त्यामुळे गोळ्या कपाटात होत्या. गेले ते समुपदेशक, आणि तपासणीनंतर न फिरकलेल्या माणसाचा पत्ता शोधत त्याच्या दारापर्यंत जाणारे कार्यकर्ते.